गरोदरपणात अंगावरून जाणं: किती चालतं आणि कधी लगेच दाखवायचं?

केतकी
पाचवा महिना संपत आलाय. सुरुवातीपासून अंगावरून पांढरं जातंय, पण ते पातळ होतं आणि त्याचा काही त्रास नव्हता. गेल्या आठवड्यापासून मात्र खाज सुटली आहे, रात्री जास्तच. लघवी करताना बाहेरच्या कातडीला चुरचुरतं. स्राव आता दाट, पांढरा, गाठी-गाठींचा आहे. वास नाही. घरात सांगितलं तर "दिवसांत सगळ्यांनाच जातं, त्यात काय एवढं" असं म्हणाले. मेडिकलमधून एक मलम आणून ठेवलंय, अजून लावलेलं नाही. पुढच्या तपासणीला पंधरा दिवस आहेत. तोवर थांबलं तर चालेल का? आणि बाळाला काही होणार नाही ना, एवढंच डोक्यात फिरतंय.

मनवा
थांबू नकोस गं. फोन करून सांग की खाज आहे आणि स्राव बदललाय, मधली वेळ नक्की देतील. पंधरा दिवस खाज सोसायची काहीच गरज नाही. आणि ते मलम तसंच बंद ठेव. माझ्या बहिणीला तिच्या पहिल्या वेळी असाच त्रास होता. ती घरी मलम लावूनच तपासायला गेली. डॉक्टरांना नुसतं मलमच दिसलं, खाली काय आहे ते कळेना. आठवड्याने परत बोलावलं.

डॉ_मेघना
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. केतकी, तुझं वर्णन बुरशीच्या संसर्गाशी, म्हणजे कॅन्डिडाशी जुळतं. पण जुळतं म्हणजे निदान झालं असं नाही. दोन संसर्ग एकत्रही असतात, त्यामुळे तपासून घेच. मनवाने मलमाबद्दल सांगितलंय ते अगदी बरोबर आहे.

आधी घरच्यांचं म्हणणं कुठवर खरं आहे ते सांगते. दिवसांत स्राव वाढतोच. इस्ट्रोजेन वाढतं, त्या भागातला रक्तपुरवठा वाढतो, गर्भाशयमुखाच्या ग्रंथी जास्त पाझरतात. हा स्राव पातळ, पांढरट किंवा दुधाळ असतो, वास नसतो किंवा अगदी सौम्य असतो, आणि खाज किंवा जळजळ होत नाही. महिने भरत जातील तसा तो आणखी वाढतो. त्याला औषध लागत नाही. तुझं सुरुवातीचं पांढरं जाणं या प्रकारातलं असावं.

आता खाज का सुटली? याच इस्ट्रोजेनमुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचाच एक साठा, जमतो. तिथले लॅक्टोबॅसिलस जिवाणू त्यावर जगून लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्यामुळे तिथला पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ३.८ ते ४.५ राहतो आणि बऱ्याच जंतूंना तिथे तग धरता येत नाही. कॅन्डिडाला मात्र आम्लाचं वावडं नाही आणि ग्लायकोजेनवर तीही पोसली जाते. म्हणून एरवी कधी त्रास न झालेल्या बायकांनाही गरोदरपणात ही बुरशी गाठते. यात अस्वच्छतेचा संबंध नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण माझ्यासमोर बसलेल्या बायका सगळ्यात आधी "मी तर रोज स्वच्छ ठेवते हो" असंच म्हणतात.

कॅन्डिडाने पोटातल्या बाळाला सहसा धोका होत नाही. बाळंतपणाच्या वेळी संसर्ग असेल तर बाळाच्या तोंडात पांढरे चट्टे येऊ शकतात, आणि तेही औषधाने बरे होतात. उपचार म्हणजे क्लोट्रिमॅझोल किंवा मायकोनॅझोलसारखं औषध, योनीत ठेवायच्या गोळीच्या किंवा क्रीमच्या रूपात. गरोदरपणात ते सात दिवस देतो, कारण कमी दिवसांचा कोर्स पुरा पडत नाही. फ्लुकोनॅझोलची तोंडाने घ्यायची गोळी आम्ही या काळात टाळतो. डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात ही गोळी आणि गर्भपात यांचा संबंध दिसला, आणि त्यावरून २०१६ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सावधगिरीची सूचना काढली. एरवी मैत्रिणीला ज्या एका गोळीने आराम पडला, ती तुझ्यासाठी नाही.

आणलेल्या ट्यूबवर काय लिहिलंय ते वाच. खाजेवर सर्रास दिल्या जाणाऱ्या बऱ्याच मलमांत बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि जोडीला तीव्र स्टिरॉइड असं एकत्र असतं. स्टिरॉइडमुळे खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते.

केतकी
मेघनाताई, ट्यूब पाहिली. तीन नावं आहेत, त्यातलं एक बेक्लोमेटासोन.

डॉ_मेघना
तेच स्टिरॉइड. राहू दे बाजूला.

शमा_
मला सहाव्या महिन्यात वेगळाच त्रास होता, म्हणून लिहितेय. खाज अजिबात नाही, स्राव पातळ आणि राखाडी-पांढरा, आणि माशासारखा वास. संबंधानंतर तो वास इतका यायचा की मी नवऱ्यापासून लांबच राहायला लागले. त्याला कारण सांगायचीही लाज वाटायची. दिवसातून चार वेळा साबणाने धुवायचे, आणि वास वाढतच जायचा. शेवटी तपासणीला गेले तेव्हा वजन आणि बीपी घेणाऱ्या सिस्टरला हळूच सांगितलं. तिने केसपेपरवर लिहून आत दिलं. बॅक्टेरियल व्हजायनोसिस निघालं. सात दिवस मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या घेतल्या. तोंडाला लोखंडासारखी चव आणि मळमळ होती, पण वास आठवड्यात गेला.

मनवा
सिस्टरला सांगायची युक्ती खूप छान. खोलीत सोबत दुसरं कोणी बसलेलं असलं की तोंडच उघडत नाही.

डॉ_मेघना
हो, आणि चिठ्ठीवर लिहून दिलंत तरी चालतं. "दोन मिनिटं एकटीशी बोलायचंय" असं म्हटलं तरी कोणताही डॉक्टर सोबतच्या माणसाला बाहेर बसवेल. पॅडचा किंवा कपड्यावरच्या डागाचा फोनवर फोटो काढून आणलात तर फारच मदत होते. तपासणीच्या दिवशी नेमकं काहीच दिसत नाही, असं नेहमी होतं.

शमाला झालं त्यात बाहेरून नवा जंतू आलेला नसतो. लॅक्टोबॅसिलस कमी होतात आणि गार्डनेरेलासारखे एरवी थोडेसे असणारे जिवाणू फोफावतात. आम्लता घटते, पीएच ४.५ च्या वर जातो. वीर्य अल्कलीधर्मी असतं, म्हणून संबंधानंतर वास उठतो. साबणाने आणि आत पाणी मारण्याने उरलेसुरले चांगले जिवाणूही जातात. शमा, तू धूत होतीस तरी वास वाढत होता, त्याचं कारण हेच. बाहेरून साधं पाणी पुरे. योनीच्या आत काहीही घालून धुवायचं नाही, जंतुनाशक नाही, सुगंधी वॉश नाही, घरगुती काढा नाही.

या संसर्गाचा वेळेआधी बाळंतपणाशी आणि पाणमोट लवकर फुटण्याशी संबंध आढळतो, म्हणून लक्षणं असतील तर उपचार करतोच. पण घाबरवायचं नाहीये. हा असलेल्या बहुतेक बायकांचे दिवस पूर्ण भरतात. जवळजवळ निम्म्या जणींना तर लक्षणंच नसतात. लक्षणं नाहीत आणि आधी कधी वेळेआधी बाळंतपण झालेलं नाही, अशांना मुद्दाम शोधून औषध दिल्याने वेळेआधीची बाळंतपणं कमी होत नाहीत. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कार्यगटाने २०२० मध्ये अशा सरसकट तपासणीच्या विरोधात शिफारस केली आहे. आधी वेळेआधी बाळंतपण झालेलं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्यांचा निर्णय वेगळा असू शकतो.

काचपट्टी
मी प्रयोगशाळेत काम करते. तपासणी म्हणजे नक्की काय करतात हे माहीत नसल्यामुळे बऱ्याच जणी घाबरतात, म्हणून थोडं सांगते. स्पेक्युलम, म्हणजे योनी हलकेच उघडी धरायचं साधन, लावून कापसाच्या काडीवर थोडा स्राव घेतात. दोन मिनिटांचं काम आहे. तो गर्भाशयाच्या आतून घेत नाहीत, बाळापर्यंत काही पोचत नाही.

तो काचेवर सलाइनच्या थेंबात मिसळून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. योनीच्या पेशी सपाट, पसरट असतात आणि त्यांची कड स्वच्छ दिसते. व्हजायनोसिसमध्ये त्या पेशींवर जिवाणूंची एवढी गर्दी असते की कड पुसल्यासारखी दिसते. त्यांना क्लू सेल म्हणतात. दुसऱ्या काचेवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की तोच माशासारखा वास भपकन येतो. बुरशी असेल तर याच थेंबात पेशी विरघळतात आणि मागे बुरशीचे धागे आणि कळ्या स्पष्ट दिसतात. ट्रायकोमोनास असेल तर शेपट्यांचा एकपेशीय जीव झटके देत फिरताना दिसतो. पण नमुना थंड झाला की तो हलायचा थांबतो आणि मग पांढऱ्या पेशींतून वेगळा ओळखू येत नाही. म्हणून काच तासभर पडून राहिली तर "काही आढळलं नाही" या रिपोर्टवर माझा भरवसा नसतो. त्याच्यासाठी न्यूक्लिइक आम्लाची चाचणी, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणारी, कितीतरी खात्रीची.

तपासणीच्या आदल्या दिवशी आत औषध ठेवू नका, संबंध टाळा.

अनघा_र
आयव्हीएफनंतर रोज योनीत प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या ठेवतेय. दुपारपर्यंत पांढरं, पिठूळ, कधी तेलकट असं काहीतरी बाहेर येतं. याला संसर्ग समजायचं का?

डॉ_मेघना
खाज, जळजळ, वास यातलं काही नसेल तर ते बहुतेक गोळीचंच उरलेलं असतं. औषध शोषलं जातं, त्याचं वेष्टण बाहेर येतं. त्यासाठी गोळी बंद करू नका. हे मी कळवळून सांगतेय, कारण "संसर्ग झाला" म्हणून स्वतःच गोळी थांबवणाऱ्या भेटतात. बुरशीची गोळीही अशीच सकाळी थोडी बाहेर येते, म्हणून ती झोपताना ठेवतात. गरोदरपणात ती ॲप्लिकेटरने खोल ढकलण्यापेक्षा हात स्वच्छ धुऊन बोटाने ठेवावी.

निनाद
बायकोचा सातवा महिना चालू आहे. तिला काल रात्रीपासून ओलं लागतंय. पाण्यासारखं, वास नाही. दोनदा कपडे बदलले. ती म्हणते खोकल्यावर येतं, लघवी असेल. तुम्ही वर स्रावाबद्दल लिहिलंय, हे त्यातलंच का?

डॉ_मेघना
निनाद, हे वाचताय तसेच निघा. सकाळची वाट बघू नका. लघवीही असू शकते, साधा स्रावही असू शकतो. पण सातव्या महिन्यात कपडे बदलावे लागतील इतकं पाण्यासारखं जाणं म्हणजे गर्भजल असल्याचं धरूनच चालायचं, ते नाही असं सिद्ध होईपर्यंत. तिला कोरडं पॅड लावू द्या, आणि ते पॅड फेकू नका, दाखवायला न्या. टॅम्पॉन नको, संबंध नको, आत बोट घालून बघणं नको. रंग हिरवट-तपकिरी असेल, ताप असेल, पोटात कळ असेल किंवा बाळाची हालचाल कमी वाटत असेल तर पोचल्या पोचल्या पहिल्यांदा तेच सांगा.

निनाद
निघतोय.

काचपट्टी
इतरांसाठी लिहून ठेवते. घरी पीएचची पट्टी आणून बघू का, असं मला बऱ्याचदा विचारतात. गर्भजलाचा पीएच ७ च्या आसपास असतो, म्हणून पट्टी निळी होते. पण व्हजायनोसिस, वीर्य, रक्त आणि कधी लघवीनेही ती बदलते. दवाखान्यातसुद्धा नुसत्या पट्टीवर ठरवत नाहीत. स्पेक्युलम लावून आत पाणी साचलंय का ते बघतात. तो द्रव काचेवर वाळवला की गर्भजलात नेच्याच्या पानासारखी नक्षी उमटते, तीही पाहतात.

नाव_नको
वेगळ्या आयडीने लिहितेय, माफ करा. चौथा महिना. पिवळट-हिरवा, फेसाळ स्राव होता आणि आग होत होती. रिपोर्टमध्ये ट्रायकोमोनास आला. डॉक्टरांनी दोघांनाही गोळ्या दिल्या. नवरा म्हणतो, मला काहीच होत नाही, मी का घेऊ? आणि वर "हे तुझ्याकडे आलं कुठून?" असं विचारतो. दोन दिवस आमच्यात बोलणं बंद आहे. मला तर आयुष्यात दुसरं कोणी नाही. मग त्याच्यावर संशय घ्यायचा का? रडून रडून डोकं दुखतंय.

डॉ_मेघना
तुम्ही विचारलंत हे फार बरं झालं. वेगळा आयडी घेतलात त्याची माफी कशाला.

ट्रायकोमोनास लैंगिक संबंधातून पसरतो, हे खरं. पण तो लक्षणांशिवाय अंगात महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं राहू शकतो. पुरुषांमध्ये तर बहुतेकदा लक्षणं नसतातच. त्यामुळे आजच्या रिपोर्टवरून संसर्ग कधी झाला आणि कोणाकडून कोणाला गेला, हे कोणीही सांगू शकत नाही. मीही नाही. लग्नाआधीचाही असू शकतो. या कागदावरून निवाडा करायला तुमच्यापैकी कोणी बसू नये.

गोळ्यांचा प्रश्न मात्र सरळ आहे. त्याने घेतल्या नाहीत तर तुम्ही बऱ्या व्हाल आणि त्याच्याकडून पुन्हा घ्याल. या संसर्गाचा संबंध वेळेआधी बाळंतपणाशी, पाणमोट लवकर फुटण्याशी आणि बाळाचं वजन कमी असण्याशी आढळलेला आहे. एचआयव्हीची लागण होण्याची शक्यताही त्याने वाढते. दोघांचा कोर्स पूर्ण होऊन त्रास थांबेपर्यंत संबंध ठेवायचे नाहीत. साधारण तीन महिन्यांनी तुमची पुन्हा तपासणी करायची. त्याला तुमच्या डॉक्टरांकडे घेऊन जा आणि "हे तुम्ही त्यांना सांगा" असं डॉक्टरांनाच म्हणा. आमचं ते कामच आहे. सोबत एचआयव्ही, सिफिलिस, क्लॅमिडिया, गोनोरिया यांच्या चाचण्या झाल्यात का ते विचारा. क्लॅमिडियाला बहुतेकींना काहीच लक्षण नसतं. तो राहून गेला तर बाळाच्या डोळ्यांना किंवा फुप्फुसांना संसर्ग होऊ शकतो. आणि त्यावर गरोदरपणात चालणारं चांगलं औषध आहे.

शमा_
नाव_नको, तुम्ही काहीही चुकीचं केलेलं नाही. आधी पोटभर झोपा. त्याच्याशी भांडायला आत्ता अंगात बळ घालवू नका, ते डॉक्टरांवर सोपवा.

निनाद
परत आलो. गर्भजल नव्हतं. लघवीत संसर्ग निघाला, कल्चरला (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला) पाठवलंय आणि अँटिबायोटिक सुरू केलं. रात्रभर ठेवून घेतलं होतं. बाळाचे ठोके व्यवस्थित आहेत. तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, दहा वेळा उगाच आलात तरी चालेल, अकराव्यांदाही या.

डॉ_मेघना
फार बरं वाटलं. गरोदरपणात लघवीचा संसर्ग त्रास न देताही असू शकतो आणि मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो, म्हणून सुरुवातीलाच एकदा कल्चर करतात. अँटिबायोटिकचा कोर्स पुरा करा. मात्र त्यानंतर खाज आणि गाठींचा स्राव सुरू झाला तर कळवा. अँटिबायोटिकने चांगले जिवाणूही मरतात आणि बुरशीला मोकळं रान मिळतं.

केतकी
दाखवून आले. कॅन्डिडाच होता. सात दिवसांच्या गोळ्या चालू आहेत, तिसऱ्या रात्री पहिल्यांदा सलग झोप लागली. डॉक्टरांनी साखरेची तपासणी थोडी आधीच करायला सांगितली. संसर्गाचा आणि साखरेचा काय संबंध?

डॉ_मेघना
रक्तातली साखर जास्त असली की बुरशीला आयतं खाद्य मिळतं आणि शरीराचा प्रतिकारही ढिला पडतो. गरोदरपणातल्या मधुमेहाची तपासणी एरवी २४ ते २८ आठवड्यांत करतात. संसर्ग वारंवार होत असेल किंवा दुसरी काही शंका असेल तर ती आधी करून घेणं चांगलं. पहिल्याच संसर्गावरून मधुमेह आहे असं समजू नकोस. आराम पडला तरी सात रात्री पूर्ण कर. या गोळ्या आणि क्रीममधल्या तेलामुळे कंडोम कमकुवत होतो, हेही लक्षात ठेव.

मनवा
एक शंका. खाज आहे पण स्राव नाही, असं असेल तर? माझ्या जावेला आठव्या महिन्यात तळहात-तळपायांना भयंकर खाज होती.

डॉ_मेघना
तो वेगळाच विषय आहे, पण विचारलंस ते उत्तम. शेवटच्या तीन महिन्यांत अंगावर पुरळ नाही आणि तळहात-तळपायांना खाज, रात्री जास्त, असं असेल तर यकृताची तपासणी आणि रक्तातली पित्ताम्लं बघायची. गरोदरपणात पित्त साचण्याचा एक विकार असतो, आणि तो वाढला तर बाळाला धोका असतो. त्यावर मलम लावत बसायचं नाही.

अनघा_र
आणि असे संसर्ग झालेले असतील तर नॉर्मल बाळंतपण होतं ना? माझी मावशी म्हणते सिझर करावं लागेल.

डॉ_मेघना
कॅन्डिडा, व्हजायनोसिस किंवा उपचार झालेला ट्रायकोमोनास यांच्यासाठी सिझर करत नाहीत. काही ठिकाणी ३६-३७ आठवड्यांच्या सुमारास ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकससाठी योनी आणि गुदद्वाराजवळचा स्वॅब घेतात. हा जिवाणू बऱ्याच निरोगी बायकांमध्ये असतो आणि आईला त्रास देत नाही. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तरी सिझर नाही. कळा सुरू झाल्यावर शिरेतून पेनिसिलिन देतात, म्हणजे बाळाला संसर्ग होण्याची शक्यता खूप कमी होते.

सिझरचा विचार होतो तो जननेंद्रियावरच्या नागिणीसारख्या फोडांचा, म्हणजे हर्पिसचा. कळा सुरू होताना ते फोड अंगावर असतील, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत ते पहिल्यांदाच उठले असतील, तर बाळाला वाचवण्यासाठी सिझर करतात. आधी कधी असे फोड येऊन गेले असतील तर आत्ताच डॉक्टरांना सांगा. ३६ आठवड्यांपासून रोज ॲसायक्लोव्हिर सुरू केलं तर ऐन वेळी फोड उठण्याची शक्यता कमी होते, आणि मग नॉर्मल बाळंतपणाचा मार्ग बहुतेकींना मोकळा राहतो.